कोणाचीच चूक नव्हती

अन्याय झाला म्हणजे तो कुणीतरी केलेला असतो, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. कोर्टातला आरोपी असो, पंचांसमोर उभा केलेला भाऊबंद असो की हश्रच्या मैदानात आपापला आमालनामा घेऊन येणारा माणूस असो, हिशेब द्यायला कुणीतरी पुढे यावेच लागते. पण गेल्या काही दशकांत माणसांनी काम करण्याची एक अशी तऱ्हा रूढ केली आहे की तिच्यात प्रत्येकजण आपापले काम चोख करतो, कुणी कुणाला हुकूम देत नाही, कुणाचा हेतूही वाईट नसतो आणि तरी शेवटी कुणाचे तरी नुकसान होऊन बसते. हिशेब मागायला जावे तर दारात कुणीच नसते. ही तऱ्हा संगणकाच्या प्रोग्रॅमांत आहे आणि माणसांच्या संघटनांतही आहे. दोन्हीकडे ती बरोबरीने फोफावली, हा निव्वळ योगायोग नसावा.

संगणकाशी ज्यांचा संबंध मोबाइलपुरताच येतो अशा वाचकांसाठी थोडे खुलासेवार सांगतो. पूर्वीचा प्रोग्रॅम लग्नाच्या पत्रिकेवरच्या कार्यक्रमासारखा असे. आधी हळद, मग निकाह, मग वलीमा. क्रम ठरलेला, आणि तो ठरवणारा लिहिणाराच. पडद्यावर खिडक्या आणि बटणे आली, हातात माउस आला, तेव्हा हा क्रम मोडला. वापरणारा कधी कुठले बटण दाबेल हे लिहिणाऱ्याला कसे कळणार? म्हणून प्रोग्रॅम लिहिण्याची रीतच पालटली. ‘आधी हे, मग ते’ याऐवजी ‘जेव्हा असे घडेल तेव्हा असे करा’ अशा सुट्या सुट्या सूचना लिहायच्या आणि वाट पाहत बसायचे. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकने ही रीत घरोघरी पोचवली. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि एमसीएच्या कितीतरी मुलांनी प्रयोगशाळेत पहिल्यांदा पडद्यावर एक बटण काढले, त्यावर दोनदा टिचकी मारली आणि ‘कमांड१_क्लिक’ नावाची रिकामी चौकट उघडलेली पाहिली. त्या चौकटीत लिहायचे ते एवढेच, की हे बटण दाबले गेले तर काय करायचे. कोण दाबेल, कधी दाबेल, दाबेल की नाही, हे आपण विचारायचे नाही.

मग सगळा कारभार चालवतो कोण? तर खाली एक फेरा सतत चालू असतो. तो आपण लिहिलेला नसतो; फ्रेमवर्क नावाच्या आयत्या सांगाड्यात तो आधीच बांधलेला असतो. काही घडले की त्या घटनेसाठी कुणी कुणी नाव नोंदवले आहे ते हा फेरा पाहतो आणि त्यांना एकेक करून बोलावतो. या व्यवहाराला संगणकवाले ‘हॉलिवूडचे तत्त्व’ म्हणतात. सिनेमात काम मागायला आलेल्या नवख्याला तिथे सांगतात ना, की तुम्ही फोन करू नका, गरज पडली तर आम्हीच करू, तसे. साध्या साधनाला आपण हाक मारतो. फ्रेमवर्क आपल्याला हाक मारते. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण मालक कोण हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

२००९ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत रायन डाल या तरुण प्रोग्रॅमरने ‘नोड’ नावाचा असाच एक सांगाडा लोकांपुढे ठेवला. त्याची कल्पना इराणी हॉटेलातल्या एकुलत्या एक पोऱ्यासारखी होती. पोऱ्या एक, टेबले वीस. तो ऑर्डर घेतो, आत ओरडून सांगतो आणि चहा तयार होईपर्यंत तिथेच न रेंगाळता पुढच्या टेबलावर जातो. आतून हाक आली की कप उचलून पोचवतो. अशा रीतीने एकटा वीस टेबले सांभाळतो. अट एकच, कुठल्याही एका टेबलाशी त्याने गप्पा मारत उभे राहायचे नाही, नाहीतर बाकीची एकोणीस उपाशी. आपल्या सभांमधल्या काही वक्त्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवे, पण ते असो.

या रीतीचा खरा मोठेपणा तिच्या मोकळेपणात आहे. एखाद्या दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑर्डर आली’ अशी घटना जाहीर झाली की बिल करणारा, माल काढणारा, ग्राहकाला मेसेज धाडणारा असे सगळे आपापले ऐकून कामाला लागतात. उद्या एखाद्याला वाटले की मोठ्या ऑर्डरी वेगळ्या टिपून ठेवाव्यात, तर त्याने कुणाची परवानगी न घेता नाव नोंदवावे आणि ऐकू लागावे. जाहीर करणाऱ्याला ऐकणाऱ्याचे नाव माहीत नसते. ते माहीत नसणे हा इथे गुण मानला जातो. त्यामुळे एकाचे बिघडले तरी दुसऱ्याचे अडत नाही.

मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ च्या एप्रिलमध्ये एका लेखात म्हटले होते, की कुठलीही संघटना जी रचना निर्माण करते तिच्यात त्या संघटनेतल्या बोलण्या-सांगण्याच्या वाटांचेच प्रतिबिंब उमटते. चार गट एकत्र येऊन यंत्र बांधतील तर यंत्राचे चार भाग होतील. हार्वर्डच्या नियतकालिकाने तो लेख नाकारला होता. पुढे मात्र त्यातले विधान ‘कॉनवेचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्या नियमाच्या उजेडात पाहिले तर घटनांवर चालणारे प्रोग्रॅम कुठून आले हे समजते. साहेब, उपसाहेब, हेडक्लार्क अशी उतरंड नको असलेल्या, छोटे छोटे गट करून गरजेप्रमाणे एकत्र येणाऱ्या आणि गरज संपली की पांगणाऱ्या माणसांची ही घडण आहे. नियम उलटाही चालतो. असे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे लिहिणाऱ्यांना संघटनाही तशाच आवडू लागतात.

मी पुण्यात बरीच वर्षे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या केल्या, आता शिकवतो. त्या काळात प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या एका कंपनीत घडलेला प्रकार सांगतो. तिथे सगळा कारभार घटनांवर चाले. तिकीट रद्द झाले की ‘तिकीट रद्द’ अशी घटना जाहीर होई आणि पैसे परत करणारा भाग ती ऐकून पैसे धाडी. पुढे एका गटाने या घटनेचे दोन भाग केले, ‘प्रवाशाने रद्द केले’ आणि ‘गाडीवाल्याने रद्द केले’. बदल शहाणपणाचाच होता. त्यांनी तो सगळ्यांच्या सामाईक चॅटवर रीतसर कळवलाही. पण पैसे परत करणाऱ्या भागाची निगा राखणारा गट महिन्यापूर्वीच मोडून त्याची माणसे इतर दोन गटांत वाटली गेली होती. त्या भागाने नवी नावे ऐकायला नोंदवलीच नाहीत. तो जुन्या नावाची वाट पाहत बसला. जाहीर करणारा जाहीर करत होता, पोचवणारा पोचवत होता, ऐकणारा कान लावून बसला होता. जवळजवळ तीन महिने कुणालाही पैसे परत मिळाले नाहीत.

त्यात एक निवृत्त शिक्षक होते. पत्नीचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले म्हणून त्यांनी मुंबईची तिकिटे रद्द केली होती. कॉल सेंटरची मुलगी दर वेळी संगणकात पाहून सांगे, की काका, तुमचे तिकीट रद्द झालेले दिसते आहे, पैसे येतील. ती खोटे बोलत नव्हती. शेवटी त्यांनी वळणदार मराठी अक्षरात एक पत्र लिहून रजिस्टरने कंपनीच्या पत्त्यावर पाठवले. ते पत्र खालच्या मजल्यावर सुरक्षारक्षकाच्या टेबलात बरेच दिवस पडून होते, कारण टपाल उघडण्याचे काम त्या कंपनीत कुणाकडेच नव्हते. पत्रे येतील असे कुणी गृहीतच धरले नव्हते.

चौकशीचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पाच गटांची बैठक झाली. प्रत्येकाने नोंदी दाखवून आपला भाग निर्दोष असल्याचे सिद्ध केले, आणि तो निर्दोष होताही. ‘मूळ कारण’ या रकान्यात शेवटी जे शब्द गेले ते होते ‘समन्वयाचा अभाव’. पूल पडो, औषध संपो, निधी परत जावो, आपल्या वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्दप्रयोग. कुणाचेही नाव घ्यायचे नसते तेव्हा तो कामी येतो.

पण खरोखर, जबाबदार कोण? नाव बदलणाऱ्याला दोष द्यावा तर त्याने कळवले होते, आणि ऐकणारा कोण याची चौकशी करू नये हीच तर त्याला मिळालेली शिकवण होती. पैसे परत करणाऱ्या भागाला दोष द्यावा तर त्याचा धनीच उरलेला नव्हता. गट मोडणाऱ्याला दोष द्यावा तर गट मोडताना त्याच्या मागे काय काय ऐकायचे राहून जाते हे सांगणारी यादी कुठेच नव्हती. इथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. न कळणे वेगळे आणि आपल्याला कळू नये अशी व्यवस्था करून ठेवणे वेगळे. पहिल्याला कायदाही काही प्रमाणात माफी देतो, धर्मही देतो. दुसऱ्यातले अज्ञान मात्र सोयीसाठी जोपासलेले असते. त्याचा फायदा आपण रोज घेतो, वेगाने काम होते, भांडणे कमी होतात. तो फायदा घेणाऱ्याला नुकसानीच्या दिवशी ‘मला माहीत नव्हते’ म्हणण्याचा हक्क उरतो का? मला तो उरतो असे वाटत नाही. ज्या पाच गटांनी त्या मोकळेपणाची फळे खाल्ली त्या पाचही गटांचे ते देणे होते.

‘नोड’च्या घडणीत एक नियम आहे, आणि मला तो तत्त्वज्ञानाच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा अधिक विचार करायला लावणारा वाटतो. कुठलीही घटना जाहीर झाली आणि ऐकणारा कुणीच नसला तर ती गुपचूप विरून जाते. कुणाला त्याचे काही वाटत नाही. अपवाद एकाच नावाचा आहे, ‘एरर’ म्हणजे चूक. ‘एरर’ जाहीर झाली आणि ती ऐकायला एकानेही नाव नोंदवलेले नसले तर सगळा प्रोग्रॅमच तिथल्या तिथे बंद पडतो. एकाने जरी ऐकली तरी बाकी सगळे वाचतात. कुणीच ऐकली नाही तर सगळे बुडतात, ज्यांचा त्या चुकीशी काडीचा संबंध नव्हता तेही.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांना फर्जे किफाया आठवला असेल. फर्जे ऐन म्हणजे जे ज्याचे त्यालाच करावे लागते, नमाज, रोजा. फर्जे किफाया मात्र सगळ्या समाजावर मिळून असतो. काहींनी केला तर सगळे मोकळे, कुणीच केला नाही तर सगळे गुन्हेगार. नमाजे जनाजा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. इमाम गझालींनी (१०५८–११११) ‘इह्या’मध्ये या कल्पनेला मशिदीच्या बाहेर आणले. वैद्यक, हिशेब, शेती, विणकाम ही जगायला लागणारी कामेही त्यांनी याच सदरात घातली. आणि मग आपल्या काळातल्या विद्वानांना एक बोचणारी गोष्ट ऐकवली, की कित्येक गावांत मुसलमानांमध्ये एकही वैद्य नाही, तरी कुणी वैद्यक शिकायला जात नाही. फिक्हच्या वादविवादाला मात्र गर्दी उसळली आहे. कारण त्या वाटेने मानमरातब मिळतो. म्हणजे एका हाकेला शेकडो ऐकणारे आणि दुसरीला कुणीच नाही. (नोडमध्ये एकाच घटनेला दहापेक्षा जास्त ऐकणारे झाले तर ते आपणहून इशारा देते, काहीतरी गडबड दिसते म्हणून. तसा इशारा आपल्या उद्‌घाटन समारंभांना मिळाला असता तर!)

मात्र या कल्पनेची एक कमजोर बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. सगळ्यांचा गुन्हा हा फार हलका गुन्हा असतो. पाच गटांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक पंचमांश लाज येते, आणि तेवढी लाज माणूस सहज पचवतो. फर्जे किफाया कुणी मोडला हे कळते, पण तो कुणी उचलायचा हे त्यातून कळत नाही. तिथे संघटनेचा प्रश्न येतो.

अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीच्या चळवळीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी लाट होती, की अध्यक्ष नको, कार्यकारिणी नको, सगळ्या सारख्या. जो फ्रीमन या कार्यकर्तीने १९७० साली एका भाषणात या कल्पनेची चिकित्सा केली. १९७२ मध्ये ते लेखरूपाने छापले गेले. ती चळवळीतलीच होती, बाहेरून दगड मारणारी नव्हती. तिचे म्हणणे असे, की रचना नसलेला गट असूच शकत नाही. लिहिलेली रचना नसली की न लिहिलेली रचना राज्य करते. एकमेकींना फोन करणाऱ्या चार मैत्रिणी ठरवतात आणि बाकीच्यांना निर्णय झाला हेदेखील कळत नाही. लिहिलेल्या अध्यक्षाला निदान बदलता येते. जी अध्यक्ष नाहीच तिला बदलणार कसे?

आपल्या मोहल्ल्यांतही ‘आमच्यात अध्यक्ष-बिध्यक्ष कुणी नाही’ असे अभिमानाने सांगणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याचा फोन सगळे पहिल्या रिंगला उचलतात. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. नोडमध्ये एका घटनेचे ऐकणारे कागदावर सारखे असतात, पण त्यांना बोलावले जाते ते नाव नोंदवल्याच्या क्रमाने. जो आधी आला त्याला आधी हाक. पुढच्याच्या हाती काय पडेल हे पुष्कळदा त्यावर ठरते. समता आहे, पण रांगेतली.

गंमत अशी की बिनमालकाची यंत्रे बनवणाऱ्यांनाच हा धडा कष्टाने शिकावा लागला. नोडचे नाव एका कंपनीच्या मालकीचे होते आणि कामाचा वेग मंदावला होता. वैतागलेल्या कार्यकर्त्यांनी २०१४ च्या डिसेंबरात फुटून ‘आयओ’ नावाचा वेगळा संसार मांडला आणि निर्णय कसे घ्यायचे याचे नियम लिहून काढले. २०१५ मध्ये दोन्ही घरे एका प्रतिष्ठानाखाली पुन्हा एक झाली ती त्या लिहिलेल्या नियमांसह. पायथन या भाषेचा जनक ग्विदो व्हान रॉसम याला लोक लाडाने ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ म्हणत. एका वादाला कंटाळून २०१८ च्या जुलैमध्ये तो पायउतार झाला आणि पुढल्या वर्षी पाच जणांचे निवडून आलेले मंडळ कारभार पाहू लागले. ज्यांचा सगळा विश्वास मोकळेपणावर होता त्यांनी शेवटी निवडणूक घेतली.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, याहून गंभीर गोष्ट घडली. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचा प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा होता. कुणीही फुकट घ्यावा, आपल्या प्रोग्रॅमला जोडावा. आठवड्याला लाखो वेळा तो उतरवून घेतला जाई. तो लिहिणाऱ्या गृहस्थाला त्याचा स्वतःला काही उपयोग राहिला नव्हता. निगा राखण्याचे पैसे तर कधी मिळालेच नव्हते. एका अनोळखी माणसाने पत्र पाठवून विचारले, की मी सांभाळू का? त्यांनी देऊन टाकला. नव्या माणसाने त्यात दुसरा एक तुकडा अलगद जोडला. त्या तुकड्याच्या पोटात एका विशिष्ट बिटकॉइन-पाकिटाच्या किल्ल्या चोरणारा कोड होता. नोव्हेंबरात हे उघडकीस आले तेव्हा सगळा संताप मूळ लेखकावर निघाला. मला तो संताप खोटा वाटतो. ज्या अगणित लोकांनी आणि कंपन्यांनी त्या तुकड्यावर आपली दुकाने उभी केली होती, त्यांच्यापैकी कुणी कधी विचारले होते का, की बाबा, याची देखभाल कोण करतो, त्याचे घर कसे चालते? अमानत सोपवणाऱ्याने ती कुणाच्या हाती देतो आहोत हे पाहायला हवे, खरे आहे. पण आपण अमानत सोपवली आहे याचीच ज्यांना खबर नव्हती त्यांनी खयानतीची तक्रार कुठल्या तोंडाने करावी?

हाच खेळ पुढे अधिक थंड डोक्याने खेळला गेला. जगातल्या असंख्य संगणकांवर असलेल्या ‘एक्सझेड’ या माहिती दाबून लहान करणाऱ्या साधनाचा सांभाळ एकटा माणूस करत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणले, की तुला झेपत नाही, दुसऱ्याला घे. तो मदतनीस दोन-अडीच वर्षे सभ्यपणे काम करत राहिला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. दुसरेच काही तपासत असताना त्याला दिसले, की संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने जगाला सावध केले. ते त्याचे काम नव्हते. कुणी सोपवलेले नव्हते. त्याने उचलले आणि बाकी सगळे सुटले. अशा माणसांच्या भरवशावर जग चालते हे दिलासा देणारे आहे, आणि तेवढ्याच भरवशावर चालते हे भीतिदायक आहे.

मग सगळीकडे अध्यक्ष, सचिव, खजिनदार नेमावेत काय? मला तसे म्हणायचे नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या, लेटरहेडवर अकरा नावे छापलेल्या कितीतरी संस्थांत हाक मारली तर एकही ओ देत नाही. नावे छापल्याने ऐकणारा तयार होत नाही. आणि ऐन संकटात मोकळ्या माणसांचे काम जे होते ते कुठल्याही कार्यकारिणीला जमत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतल्या चाळी-झोपड्यांनी अडकलेल्यांना चहा-बिस्किटे दिली, दोर बांधून माणसे ओढून काढली, अनोळखी बायका-मुलांना रात्रभर घरात घेतले. कुणाचा आदेश नव्हता. पाणी चढणे ही घटना होती आणि ऐकणारे हजारो होते.

पण मिठी नदी वर्षानुवर्षे भराव आणि कचऱ्याने आवळली जात होती, ती घटना नव्हती. ती रोज थोडी थोडी होत होती. घटनांवर चालणाऱ्या रचनेची ही खरी आंधळी बाजू आहे. जे एकदम घडते तेच तिला दिसते. जे हळूहळू साचते ते दिसत नाही. आणि घडलेल्यातलेही तेवढेच दिसते ज्याला कुणीतरी आधी नाव देऊन ठेवले आहे. त्या तिकीट कंपनीत ‘तिकीट रद्द’ला नाव होते, ‘म्हातारा माणूस सहाव्यांदा फोन करतो आहे’ याला नाव नव्हते. आपल्या साहित्य-चळवळीतही संमेलन ही घटना आहे, ग्रंथालय ही घटना नाही. संमेलनाला मांडव घालणारे हात कमी पडत नाहीत. ग्रंथालयाच्या कपाटाला वाळवी लागते तेव्हा कुणालाच हाक ऐकू येत नाही, कारण वाळवी हाक मारत नाही. प्रोग्रॅमर यावर एक उपाय करतात. ते वेळेलाच घटना बनवतात. दर तासाला, दर रात्री एक घंटा आपोआप वाजते आणि कुणीतरी उठून साचलेले बघतो, हाक आलेली असो वा नसो. न पोचलेले संदेश टाकायची एक पेटीही ठेवतात. तिला टपालखात्यातला जुना शब्द आहे, ‘डेड लेटर’. पण ती पेटी दर सोमवारी अमक्याने उघडायची असे नाव घालून लिहिलेले नसेल तर तीही सुरक्षारक्षकाच्या टेबलासारखीच.

नाव घालणे, एवढी एकच गोष्ट मला या सगळ्यात हातात धरता येण्यासारखी वाटते. पदाला नव्हे, कामाला नाव. फर्ज सगळ्यांचाच राहतो. नाव फक्त एवढे सांगते, की पहिली विचारणा कुणाला करायची. ते नाव ठरावीक मुदतीने बदलत राहिले तर कुणी त्याचा मालक होत नाही. फ्रीमननेही तिच्या लेखात कामे फिरती ठेवण्यावर भर दिला होता.

आमच्या गावात मय्यतीचे काम करणारी काही मुले आहेत. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. मशिदीच्या भोंग्यावरून खबर झाली की जमतात आणि माती देऊन पांगतात. करोनाच्या दोन वर्षांत रात्री-अपरात्री कामे पडली, तेव्हा एकदा कफन दोन जणांनी आणले आणि कबर खोदायला कुणीच पोचले नव्हते. त्यानंतर त्यांनी वजूखान्याच्या भिंतीवर एक कागद लावला. कफन, पुरुषांचे गुस्ल, बायकांचे गुस्ल, कबर, रुग्णवाहिका, एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद. प्रत्येकापुढे एक नाव आणि फोन नंबर. दर रमजाननंतर नावे बदलतात. बायकांच्या गुस्लपुढे पहिल्यांदाच दोन बायकांची नावे लिहिली गेली. त्या ते काम वीस वर्षांपासून करत होत्या.

यंदा त्या यादीत शेवटी एक नवीन ओळ आली आहे. यंत्रमागावर काम करणारा परप्रांतीय माणूस भाड्याच्या खोलीत वारला तर भोंग्यावर खबर द्यायला त्याचे कुणी नसते. म्हणून अशा खोल्यांवर आठवड्यातून एकदा चक्कर मारायची. त्या ओळीपुढे अजून कुणाचे नाव लिहिलेले नाही.